जिम्नी उचलली, आता स्टीअरिंग सरळ कसं करायचं?

मारुतीच्या जिम्नीला दोन इंची लिफ्टचे, म्हणजे गाडी तेवढी उंच करणारे, स्प्रिंग बसवले त्या संध्याकाळी गाडी दिसत होती झकास. दुसऱ्या दिवशी कात्रज-देहूरोड बायपासला सत्तरच्या वेगात पुढची चाकं पुलाच्या सांध्यावरून गेली आणि स्टीअरिंग हातात असं थडथडायला लागलं, की एक चाक निखळतंय असंच वाटलं. एक्सलरेटरवरून पाय काढला, वेग पन्नासच्या खाली आला, तेव्हा कुठे ते थांबलं. गॅरेजवाल्याचा सल्ला एका वाक्याचा होता: स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टीअरिंगची थरथर शोषणारा छोटा शॉक ॲब्झॉर्बर, बदला. बदलला. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

पुढचे दोन महिने मी त्या गाडीखाली पाठीवर पडून काढले. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट म्हणजे कामांचा क्रम. लिफ्टनंतर दुरुस्त्या चारच असतात: कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव), पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा), टो (पुढची दोन चाकं किती आत किंवा बाहेर बघतात ते) आणि शेवटी स्टीअरिंगचा मध्य. प्रत्येक काम पुढच्याचं माप बदलतं. बहुतेक ठिकाणी शेवटचं काम पहिल्यांदा करतात, कारण गिऱ्हाईकाला डोळ्यांसमोर दिसतं ते वाकडं स्टीअरिंग. ते सरळ करून दिलं की गिऱ्हाईक खूश. गाडी मात्र तशीच.

हा लेख जिम्नी समोर ठेवून लिहिला आहे. जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध दांडा) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. प्रत्येक एक्सलला दोन लांब आर्म आणि एक आडवा रॉड. थार किंवा जिप्सी असेल तर काय बदलतं तेही पुढे सांगतो.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. ‘सगळेच करतात’ हे ना आरटीओसमोर चालत, ना विमा कंपनीसमोर. अपघातानंतर दावा अडकू शकतो हे गृहीत धरून, आपल्या जबाबदारीवर ठरवा. माझं वैयक्तिक मत: रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला दोन इंचांपेक्षा जास्त उचलण्यात शहाणपण नाही.

लिफ्ट केल्यावर खाली नेमकं काय होतं

पुढच्या एक्सलचे दोन आर्म एक्सलपासून मागे जाऊन चासीला बोल्टने जोडलेले असतात. चासी वर गेली की आर्मचं मागचं टोकही वर जातं आणि त्यासोबत अख्खा एक्सल पुढच्या बाजूला कलतो. सायकलचा चिमटा आठवा. तो खाली जाताना पुढे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या चाकाचा किंगपिनही, म्हणजे चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं ती खीळ, असाच वरच्या टोकाने किंचित मागे झुकलेला असतो. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. एक्सल पुढे कलला की हा झुकाव कमी होतो. स्टीअरिंग हलकं लागतं, वळणानंतर आपोआप मधे येत नाही आणि हायवेला गाडी सारखी इकडेतिकडे भटकते.

किती कमी होतो, हे घरबसल्या काढता येतं. आर्मच्या चासीकडच्या बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. लिफ्टला त्या लांबीने भागा आणि ५७.३ ने गुणा. समजा लांबी ८०० मिलिमीटर आणि लिफ्ट ५० मिलिमीटर, तर उत्तर येतं साधारण ३.६ अंश. हा छोटा आकडा नाही. मुळात असतात तेच मोजके अंश.

मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उचलली असेल तर आणखी थोडा जातो. २५९० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर मागे २५ मिलिमीटर जास्त म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. मागे सामान भरायचं म्हणून जाड स्प्रिंग टाकतात आणि गाडी रिकामीच फिरवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. सुझुकीवाले त्याला लॅटरल रॉड म्हणतात. त्याचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. काम एकच: एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणं. चासी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आणि त्याची आडवी पोहोच कमी पडते. मग रॉड एक्सलला चासीच्या बोल्टकडे ओढतो. ८५० मिलिमीटरच्या रॉडची दोन टोकं आधी ६० मिलिमीटर खाली-वर होती आणि आता ११० झाली, तर एक्सल पाच मिलिमीटर बाजूला सरकतो. पुढचा रॉड चासीला एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला जोडलेला असेल, तर दोन्ही एक्सल विरुद्ध दिशांना सरकतात आणि गाडी किंचित खेकड्यासारखी चालते. गाडीखाली वाकून कोणता रॉड चासीला कुठे जोडलाय ते एकदा बघून ठेवा. पुढची सगळी गणितं त्यावर आहेत.

लिफ्टच्या आधी मोजा

हे सगळेच विसरतात, मीही विसरलो होतो. लिफ्टच्या आधीचे आकडे नसतील तर नंतर काय बिघडलं ते कळणार कसं? सपाट फरशीवर गाडी लावा, चारही टायरमध्ये हवा सारखी ठेवा आणि वहीत हे उतरवा.

प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतची उंची. गवंड्याचा ओळंबा फेंडरच्या कडेवरून सोडून दोरीपासून रिमपर्यंतचं अंतर, चारही चाकांना. डाव्या-उजव्याच्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे एक्सल किती सरकलाय त्याचा हिशेब. मग एक्सलच्या डिफरन्शियलवर (एक्सलवरचा गिअरचा फुगीर गोळा) किंवा आर्मवर एखादी सपाट, स्वच्छ जागा शोधून तिथे डिजिटल अँगल गेज ठेवा आणि कोन लिहा. जागेवर पेंटने खूण करा, म्हणजे पुन्हा नेमकं तिथेच ठेवता येईल. हा आकडा म्हणजे कॅस्टर नव्हे, पण लिफ्टनंतर तो जितका बदलेल तितकाच कॅस्टर बदललेला असेल. आपल्याला हवाय तो फरकच.

आधी ढिलाई शोधा

कॅस्टरला हात लावण्याआधी प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, बघा. झिजलेल्या गाडीची अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही, आज जुळेल आणि उद्या हलेल. इंजिन चालू ठेवून एकाला सीटवर बसवा आणि चाकं जमिनीवर असतानाच स्टीअरिंग भराभर थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली बघा, किंवा हात लावून बघा. पॅनहार्डच्या दोन्ही टोकांच्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी नळीत) हालचाल दिसते का? टायरॉडची, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याची, टोकं वर-खाली उडतात का? स्टीअरिंग बॉक्स चासीवर हलतो का? बोल्ट आपल्या भोकात सरकताना दिसला तर भोक लांबट झालेलं असतं. तिथे नवा बुश घालून काही होणार नाही.

मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. हाललं तर हब बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग. ब्रेक दाबून पुन्हा हलवा. तरीही हाललं तर बहुधा किंगपिन. अखंड एक्सलच्या सुझुकींमध्ये पुढची थरथर बऱ्याचदा इथूनच येते आणि चिखल-पाण्यातून गाडी काढणाऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य तसंही कमीच. माझ्या गाडीत पॅनहार्डचा एक बोल्ट नीट कसलेला नव्हता. एवढंच! लिफ्ट बसवणाऱ्याने हवेत असतानाच तो पान्ह्याने घट्ट केल्यासारखा केला होता.

टायर बॅलन्सिंग आणि हवेचा दाब हे याच वेळी उरकून टाका. स्टीअरिंग डॅम्पर मात्र सगळं झाल्यावरच बदला. तो थरथर दाबतो, मूळ दोष तसाच राहतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

पहिलं काम: कॅस्टर परत आणणं

मार्ग तीन आहेत. आर्मचं चासीकडचं टोक खाली आणणारं ब्रॅकेट, नव्या कोनाचे आर्म, किंवा ऑफसेट बुश. ब्रॅकेटने आर्मचा मूळ कोन परत येतो, गाडीही मऊ चालते, पण ते खाली लोंबतं आणि दगडाला पहिलं तेच लागतं. नवे आर्म सर्वांत चांगले, खिशाला तितकेच जड. दोन इंचांच्या लिफ्टला ऑफसेट बुश बहुतेकांना पुरतात, साधारण दोन ते तीन अंश परत देतात.

ऑफसेट बुश म्हणजे ज्याचं भोक मध्यात नाही असा बुश. जिम्नीच्या प्रत्येक पुढच्या आर्मला एक्सलच्या जागी दोन बुश असतात, एक एक्सलच्या पुढे, एक मागे. कॅस्टर वाढवायचा म्हणजे एक्सलचा वरचा भाग मागे झुकवायचा, म्हणजेच एक्सलची पुढची बाजू वर आणि मागची खाली. म्हणून पुढच्या बुशचं भोक वर आणि मागच्याचं खाली, आणि दोन्ही आर्मना हुबेहूब सारखं. किटसोबत खुणा आणि सूचना येतात, त्या पाळाच. पण हे तर्कशास्त्र डोक्यात असलं की चूक ताबडतोब दिसते. दुसऱ्यांदा मी गाडी ज्या ठिकाणी दिली तिथे उजव्या आर्मचे बुश बरोबर आणि डाव्याचे उलटे बसवले गेले. बोल्ट भोकात जात नव्हता, तर त्यांनी पहारीने आर्म वाकवून तो घातला! एक बाजू एक्सलला पुढे पिळत होती, दुसरी मागे. बुश दोन महिन्यांत फाटले. बोल्ट हाताने सरळ जात नसेल तर तिथेच थांबा आणि खुणा तपासा.

जुने बुश काढायला हायड्रॉलिक प्रेसच हवा. हातोडीने आर्मचा डोळा अंडाकृती होतो. नवे बुश बसवायच्या आधी आर्मवर खडूने वर-खाली, पुढे-मागे, डावा-उजवा असं लिहून घ्या, प्रेसवर आर्म पालथा झाला की सगळं विसरायला होतं.

एक मोल मात्र द्यावं लागतं. लिफ्टमुळे एक्सल पुढे कलला होता तेव्हा डिफरन्शियलचं नाक आपसूकच वर झालं होतं, प्रॉपेलर शाफ्टच्या (एक्सलला इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याच्या) दिशेने. कॅस्टरसाठी एक्सल मागे झुकवला की ते नाक पुन्हा खाली जातं आणि शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो. कॅस्टर पूर्ण परत आणण्याचा हट्ट धरला तर फोर-व्हील टाकल्यावर पुढून गुणगुण आणि कंप सुरू होतो. म्हणून गमावलेल्याचा बहुतेक भाग परत मिळवा, अगदी शेवटच्या अर्ध्या अंशामागे लागू नका.

सगळे रबरी बुशचे बोल्ट आधी फक्त हाताने आवळा. गाडी चाकांवर उतरवा, पुढचा-मागचा भाग दाबून सस्पेन्शन दोन-चारदा हलवा आणि मग त्या उंचीवर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतके घट्ट करा. हवेत लोंबलेल्या एक्सलवर घट्ट केलेला रबरी बुश कायम पिळलेला राहतो, गाडी दगडासारखी चालते आणि बुश लवकर फाटतो. स्प्रिंग वगैरे चांगले असताना ‘लिफ्टने गाडी कडक झाली’ अशी तक्रार असते, त्यामागे अनेकदा हेच निघतं.

दुसरं काम: एक्सल मधे आणणं

आता ओळंब्याने पुन्हा मोजा. पाचेक मिलिमीटर सरकणं चालण्याच्या दृष्टीने फार त्रासदायक नसतं, पण पुढचा-मागचा विरुद्ध दिशेने असेल तर जाणवतं. उपाय म्हणजे कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड, पुढे आणि मागे दोन्हीकडे. गाडी चाकांवर उभी असताना एका टोकाचा बोल्ट काढा, रॉड थोडा लांब करा, बोल्ट घाला, मोजा. एकाला गाडीचा मागचा-पुढचा भाग हाताने बाजूला ढकलायला सांगितलं तर बोल्ट लगेच जातो. डाव्या-उजव्यात दोन मिलिमीटरच्या आत फरक आला की पुरे. शेवटी लॉकनट न विसरता घट्ट करा.

इथे एक मोह आवरा. पॅनहार्डचं टोक नुसतं खाली आणणारं ब्रॅकेट मिळतं आणि ते बसवायला सोपंही असतं. पण पुढचा पॅनहार्ड आणि स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक या दोघी जवळपास समांतर असल्या पाहिजेत, म्हणजे खड्ड्यात चाक वर-खाली होताना दोघी सारख्याच कमानीत फिरतात. लिफ्टने दोघी सारख्याच तिरक्या होतात, समांतरपणा टिकतो. एकटीचं टोक हलवलं की खड्ड्यागणिक स्टीअरिंग स्वतःहून वळतं. दोघींना सारखं खाली आणता येत असेल तरच ब्रॅकेटचा विचार करा.

तिसरं काम: टो

अखंड एक्सलच्या गाडीत टायरॉड दोन चाकांना थेट जोडतो, त्यामुळे लिफ्टने टो फारसा बदलत नाही. कॅस्टर बदलल्यावर मात्र एकदा मोजून घ्यावाच. अलाइनमेंटच्या दुकानात जाल तर आधीच सांगा: गाडी उचललेली आहे, कॅस्टर स्विंगसकट प्रिंट हवी. कॅस्टर मोजायला चाकं फिरत्या ताटल्यांवर ठेवून दोन्हीकडे ठरावीक अंश वळवावी लागतात. बऱ्याच दुकानांत घाईत फक्त टो बघून गाडी बाहेर काढतात. आणि कोणी ‘कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा उभा कल) सेट करून देतो’ म्हणालं, तर कसा ते विचारा. या एक्सलला कॅम्बरचा समायोजक नसतो. कॅम्बर चुकीचा आला तर एक्सल किंवा नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) वाकलंय, नाहीतर बेअरिंग गेलंय.

घरी मोजायचं असेल तर पुढची चाकं जॅकवर घ्या. खिळा एका ठोकळ्यावर पक्का धरून टायर फिरवा, म्हणजे ट्रेडच्या मध्यावर सरळ रेघ उमटते. दोन्ही टायरना रेघ मारून गाडी खाली उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला. चाकाच्या मध्याच्या उंचीला पुढच्या बाजूचं रेघांमधलं अंतर मोजा, मग मागच्या बाजूचं. मूळ १९५/८० आर१५ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर येतो, म्हणून पुढे-मागे २ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१७ अंश. पुढचं अंतर किंचित कमी, म्हणजे चाकं आत बघणारी, हवीत. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. टायरॉडचे लॉकनट सैल करून रॉड फिरवला की तो लांब-आखूड होतो. मोठे टायर टाकले असतील तर व्यासही बदला: २१५/७५ आर१५ चा ७०३ च्या आसपास येतो.

चौथं काम: स्टीअरिंगचा मध्य

आता, आणि आत्ताच, स्टीअरिंग सरळ करा. टो बदलल्यावरच हे करायचं, कारण टायरॉड फिरवला की सरळ जाताना स्टीअरिंग जिथे थांबतं ती जागाही हलते. गाडी सपाट, सरळ रस्त्यावर चालवा, स्टीअरिंग किती वाकडं राहतं ते टेपने खूण करून ठेवा. मग ड्रॅग लिंकचे लॉकनट सैल करून ती थोडी फिरवा. अर्धा फेरा, मग पुन्हा चालवून बघणं. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. स्टीअरिंग व्हील उपसून दुसऱ्या दात्यावर बसवायचा शॉर्टकट करू नका. स्टीअरिंग बॉक्सचा मध्य तसाच हललेला राहतो, एका बाजूला गाडी कमी वळते आणि ईएसपीचा (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर गोंधळतो. स्टीअरिंग सरळ असताना गाडी वळतेय असं त्याला वाटलं तर तो विनाकारण ब्रेक लावू शकतो. दिवा लागला तर सेन्सर कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो.

थार आणि जिप्सी

२०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे अखंड एक्सल. पुढे उचलली की कॅम्बर, टो, कॅस्टर तिन्ही एकदम बदलतात आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात. तिथे वरचे आर्म बदलल्याशिवाय अलाइनमेंट आवाक्यात येत नाही, तर पॅनहार्डचा प्रश्न फक्त मागे उरतो. आधीच्या थारच्या काही मॉडेलमध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, होते. ते कसून गाडी उचलणं फुकटात पडतं, पण सस्पेन्शनची खालची हालचाल त्यातच संपते.

जिप्सीचं सगळं पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर. तिथे कॅस्टरसाठी पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी घालतात. लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची चेपते. पाटे एक्सलच्या वर घेऊन उचललेल्या जिप्सीत ड्रॅग लिंक इतकी तिरकी होते, की ती वळणदार करून घ्यावी लागते.

रस्त्यावर आणि नंतर

निघण्याआधी स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचे होस आणि एबीएसच्या तारा ताणल्या जात नाहीत ना ते बघा, एक्सल पूर्ण लोंबत असतानाही. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याला आंधळं करत फिरू नका.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात तीसच्या वेगाने: वळवा, सोडा, स्टीअरिंग मधे येतं का बघा. मग साठ, मग ऐंशी. भटकत असेल तर कॅस्टर कमी आहे. सरळ जाते पण स्टीअरिंग वाकडं, तर ड्रॅग लिंक. एका बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर आपसांत बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, नाही गेली तर ब्रेक तपासा आणि दोन्ही आर्मचे बुश सारखे आहेत का ते बघा. खड्ड्यावर थरथर सुरू होत असेल तर पुन्हा ढिलाई शोधण्यापासून सुरुवात.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर स्प्रिंग थोडे बसतात. तेव्हा ओळंबा काढून पुन्हा मोजा, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. माझी गाडी पहिल्या तीनशेत ६ मिलिमीटर खाली बसली होती आणि ड्रॅग लिंक पाव फेरा फिरवावी लागली.